किडनीच्या पेशंटला फळं बंदच करायची का? जालन्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सासरे ६३ वर्षांचे, शुगर १४ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, क्रिएटिनिन (किडनी किती मंदावली ते दाखवणारी रक्ताची तपासणी) ३.४ आणि मागच्या आठवड्यात पोटॅशियम ५.६ आलं. डायलिसिस अजून नाही. डॉक्टर गर्दीत "फळं बंद करा" एवढंच म्हणाले. घरी स्वतःची मोसंबीची बाग, सासरे म्हणतात जन्मभर झाडांना पाणी घातलं आणि आता एक फोड खायची चोरी. नणंदेचे मिस्टर म्हणतात फळानं काही होत नसतं, उलट रोज नारळपाणी द्या, किडनी धुऊन निघते. आणि तुम्ही मधल्या मधे अडकलात, कारण ताट तुम्हीच वाढता.

मी आहारतज्ज्ञ आहे, छत्रपती संभाजीनगरला गेली १६ वर्षं बहुतेक किडनीच्याच पेशंटसोबत काम करते. हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो आणि दर वेळी मला वाटतं की प्रश्न जरा चुकीच्या जागेवर उभा आहे. "कोणतं फळ चालतं" हे नंतर बघू. खरा प्रश्न असा की यांच्या रक्तातलं पोटॅशियम ५.६ झालंच का? ते कारण सापडलं नाही तर तुम्ही सगळी फळं बंद करून बसाल, माणूस चिडचिडा होईल, पोट साफ होणार नाही आणि पुढच्या रिपोर्टला पोटॅशियम तिथंच असेल.

पोटॅशियम काय भानगड आहे ते साध्या शब्दात सांगते. जवळजवळ सगळ्याच अन्नात ते असतं, फळं भाज्या डाळी दूध मटण सगळ्यात. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंदावली की ते रक्तात साठायला लागतं. रक्तात ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं, ५.५ च्या वर गेलं की लक्ष द्यायचं, ६ च्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका. अवघड गोष्ट ही की पुष्कळदा पेशंटला काहीच जाणवत नाही. पाय दुखत नाहीत, दम लागत नाही, माणूस चांगला ओसरीवर बसून गप्पा मारतोय आणि ईसीजी मात्र बिघडलेला. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी फळं बंद म्हणलं ते काळजीपोटीच म्हणलं, त्यांना चूक ठरवायचं नाही. पण ते वाक्य अर्धं आहे.

आता एक प्रसंग सांगते, तुमच्याच जिल्ह्यातला. मे महिन्यात अंबडकडचे एक काका आले होते, ५८ वर्षांचे, पोटॅशियम ६.३. काकू सारखं सांगत होत्या, मॅडम तीन महिने झाले एक फळ दिलं नाही यांना. आणि बोलता बोलता काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकणात ओतून काकांना दिली, कारण सकाळी सहाच्या एसटीनं आले होते उन्हातान्हात. बाटलीत मोसंबीचा रस होता. मी विचारलं हे काय, तर म्हणल्या रस आहे, रस म्हणजे पाणीच की हो, फळ थोडीच आहे. किती मोसंब्या पिळल्या? म्हणल्या पाच. त्यांचा काही दोष नाही. त्यांना "फळं बंद" सांगितलं होतं, रस बंद कुणी सांगितलाच नव्हता. उलट आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबीच न्यायची असते.

तर मोसंबीचा हिशेब बघा. माझ्या टेबलावर वजनकाटा असतो, त्याच दिवशी एक मोसंबी सोलून ठेवली त्यावर, साल आणि बिया काढून १२० ग्रॅम भरली. मोसंबीत १०० ग्रॅमला साधारण १५० ते १८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे त्या एका मोसंबीत २०० च्या आसपास, अर्ध्या मोसंबीत १००. आणि रसाचा मोठा ग्लास घेतला तर ४५० ते ५०० च्या घरात. माणूस चावून चावून एका वेळी पाच मोसंब्या खात नाही, पण पिताना दोन मिनिटं लागत नाहीत. शिवाय रसात चोथा नसतो, त्यामुळं शुगर भरकन चढते आणि पोटॅशियमही चोथ्यासकट खाल्लेल्या फळापेक्षा जास्त अंगी लागतं. तीच मोसंबी, फोडी करून खाल्ली तर एक गोष्ट आणि पिळली तर दुसरी. फळांबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं म्हणून इथं एवढं थांबले.

नारळपाण्याचं सांगते. एका ग्लासात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, मोठ्या नारळात त्याहून जास्त. केळ्याला लोक घाबरतात पण एका मध्यम केळ्यात ४०० च्या थोडं वर असतं, म्हणजे नारळपाणी केळ्यापेक्षा वरचढ. क्रिएटिनिन ३.४ असताना त्यानं किडनी धुऊन वगैरे काही निघत नाही. तुमच्या नंदाव्यांना राग येईल असं न सांगता एवढंच सांगा की लघवीला जळजळ झाल्यावर चांगल्या किडनीच्या माणसाला नारळपाणी देतात ती गोष्ट वेगळी, इथं किडनीलाच ते बाहेर टाकता येत नाहीये. अर्धा ग्लाससुद्धा नको.

आता फळांच्या पलीकडं बघा, कारण ५.६ ला माझ्या अनुभवात एकटं फळ क्वचितच जबाबदार असतं.

पहिलं, बीपीची गोळी कोणती ते पाकिटावर बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यातली असेल किंवा सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं. पण मनानं बंद करायची नाही हां, यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीचं आणि हृदयाचं रक्षण करायलाच दिलेल्या असतात. डॉक्टरांना विचारायचं की पोटॅशियम ५.६ आहे, गोळीचा डोस हाच ठेवायचा का, काही जोड द्यायची का. हल्ली पोटॅशियम बांधून शौचावाटे काढणाऱ्या पावडरी मिळतात, त्या घेऊन गोळी चालू ठेवता येते का हेही ते बघतील. सांधेदुखीसाठी मेडिकलवरून आणून खायच्या गोळ्या मात्र पूर्ण बंद, डायक्लोफेनॅक आयबुप्रोफेन वगैरे, त्या किडनीही बिघडवतात आणि पोटॅशियमही वाढवतात.

दुसरं मीठ. घरात बीपी म्हणून कुणी लो सोडियमचं मीठ आणलंय का? बऱ्याच अशा मिठांत सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. नॉर्मल माणसाला ते चांगलं आहे, तुमच्या सासऱ्यांना नाही. साधं मीठच वापरा, पण कमी. वरून घ्यायचं नाही, लोणचं पापड ठेचा यात जातं ते विसरायचं नाही. सैंधवानं काही फरक पडत नाही, तेही मुख्यतः तेच मीठ आहे.

तिसरं पोट. हे विचारायला लोक लाजतात पण विचारा. किडनी मंद झाली की पोटॅशियम बाहेर टाकण्यातला आतड्याचा वाटा वाढतो, त्यामुळं दोन-दोन दिवस शौचास होत नसेल तर पोटॅशियम साठतं. आणि गंमत कशी होते बघा, फळं बंद, पालेभाजी बंद, पाणी मोजून, की बद्धकोष्ठता होतेच. म्हणजे पोटॅशियम कमी करायला म्हणून जे केलं त्यानंच ते चढतं. थोडं चोथ्याचं फळ रोज पोटात जावं असं मी म्हणते त्याचं एक कारण हे.

चौथं शुगर. शुगर ३०० च्या वर राहत असेल आणि अंगात इन्सुलिन कमी पडत असेल तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं. तेव्हा फळ तोडून उपयोग नाही, शुगर आटोक्यात आणायची.

पाचवं, रिपोर्टच खरा आहे का. रक्त काढताना दंडाला पट्टी खूप वेळ आवळून ठेवली, मूठ सारखी उघडझाप करायला लावली, किंवा नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली तर स्नायूंतलं नाहीतर रक्तपेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन ते खोटं जास्त दिसतं. तुमचे सासरे बरे दिसतायत आणि आधीचे रिपोर्ट ४.८, ५ असे होते म्हणता, तर मी आधी टेस्ट पुन्हा करायला सांगेन, तीही अशा लॅबला जिथं तिथल्या तिथं मशीनवर लागते. पण लांबवायची नाही, दोन-तीन दिवसात करा.

हे सगळं बघून मग ताट. आपलं मराठवाड्याचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, आंबटचुका नाहीतर मेथी. भाकरी राहू द्या. पण घट्ट वरणाच्या दोन वाट्या, त्यावर मूठभर शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार, यातलं पोटॅशियम एका मोसंबीच्या कितीतरी पुढं जातं. वरण एक वाटी आणि पातळ, बटाटा खायचाच तर सोलून बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं. चहा गुळाचा करत असाल तर गुळातही पोटॅशियम आहे आणि शुगरला तर तो साखरेसारखाच. पोटॅशियम चढतं राहिलं आणि कडक मर्यादा घालायची वेळ आली तर आम्ही दिवसाला साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅम धरतो. त्यात १५०-२०० चं एक छोटं फळ सहज बसतं, फक्त बाकीचं ताट जागेवर पाहिजे.

आधी आम्हीही लांबलचक यादी द्यायचो, हे नको ते नको. मीसुद्धा दिल्यात तशा याद्या. आता विचार बदललाय. २०२० च्या अमेरिकेतल्या केडीओक्यूआय या किडनीच्या पेशंटच्या आहारावरच्या गाइडलाइनमध्ये सरसकट आकडा न देता रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल राहील असा आहार ठेवा असं म्हणलंय, आणि २०२४ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी गाइडलाइनचा रोख तर पाकिटबंद पदार्थ कमी आणि वनस्पतीजन्य अन्न जास्त असाच आहे. पॅकबंद फरसाण, प्रोसेस्ड मांस, इन्स्टंट नूडल्स वगैरेत घातलेले पोटॅशियमचे आणि फॉस्फेटचे क्षार जवळजवळ सगळेच शोषले जातात, सबंध फळातलं त्यामानानं कमी. शिवाय फळांनी आणि भाज्यांनी रक्तातली आम्लता कमी व्हायला मदत होते, जी किडनीच्या पेशंटमध्ये वाढलेली असते. म्हणून ज्यांचं क्रिएटिनिन थोडंसंच वाढलंय आणि पोटॅशियम ४-४.५ आहे त्यांनी तर घाबरून फळं सोडूच नयेत.

आता आपल्या भागातली फळं. मी सांगते ते आकडे १०० ग्रॅम खायच्या भागाचे आहेत आणि अंदाजे आहेत, जात आणि पिकलेपणा यानं थोडं इकडंतिकडं होतं.

सफरचंद, पेर, अननस, टरबूज हे सगळे १०० ते १२० च्या दरम्यान. जांभूळ तर ८० च्या आसपास, आणि शुगरवाल्यांना ते बरं पडतं, जून-जुलैमध्ये दहा-बारा जांभळं खुशाल द्या. टरबुजात पोटॅशियम कमी म्हणून लोक अर्धं टरबूज संपवतात, मग ५००-६०० होतंच की, म्हणून दोन पातळ फोडी बास. द्राक्षं, पपई, चिकू १८० ते १९० च्या आसपास. पपईची एक वाटी पोटाला चांगली. द्राक्षं पंधरा मोजून. डाळिंब २३० च्या पुढं, पाव वाटी दाणे. पेरू ४०० च्या वर, पेरू शुगरला चांगला म्हणून सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण पोटॅशियम ५.६ ला पेरू नको. खरबूज २६० च्या पुढं, ते टाळा. केळी अर्धापूरची असो की कुठली, सध्या नको. मनुका, सुके अंजीर, खारीक, जर्दाळू यात पाणी उडून गेल्यामुळं सगळं एकवटलेलं असतं, मनुकांत १०० ग्रॅमला ७०० च्या वर, त्यामुळं सुकामेवा बाजूलाच. चिंचेचं पन्हं, कोळ घातलेलं सार हेही जपून, चिंचेत ६०० च्या पुढं आहे.

आंब्याचं मात्र मला वेगळं सांगायचंय कारण रडारड सगळ्यात जास्त त्याचीच असते. मराठवाड्याचा केशर, बीडचं सीताफळ आणि तुमची जालन्याची मोसंबी, या तिन्हींना २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या भागाची शान आहेत ही फळं, आणि ज्यानं आयुष्यभर ती खाल्ली त्याला तुम्ही वयाच्या साठीत कायमची बंद म्हणलात की तो चोरून खाणार. मी पाहिलंय ना, शेतात जाऊन खातात. आंब्यात पोटॅशियम १७० च्या आसपासच आहे, म्हणजे मोसंबीसारखंच. अडचण आमरसाची आहे. रसाची एक वाटी कुणी घेत नाही, पोळीबरोबर तीन होतात आणि तेवढ्यात शुगरही उडते. पोटॅशियम ५ च्या आत आलं आणि शुगर आटोक्यात असली तर आंब्याचा एक गालफडा, दुपारच्या जेवणात, एक पोळी कमी करून, आणि त्या दिवशी दुसरं फळ नाही. सीताफळ २५० च्या आसपास आणि साखर भरपूर, म्हणून अर्धंच, तेही छोटं, हंगामात कधीतरी. पोटॅशियम वर असताना दोन्ही थांबवायचे.

एक फळ मात्र कुठल्याही आकड्याला नको, ते कमरख. पिवळंधमक असतं, आडवं कापलं की चांदणी दिसते, काही जण करंबळही म्हणतात, शाळेसमोर देवळासमोर मीठमिरची लावून विकतात. त्यात एक विष असतं जे चांगली किडनी बाहेर टाकते पण बिघडलेली टाकू शकत नाही, ते मेंदूवर जातं, न थांबणाऱ्या उचक्या लागतात, माणूस गोंधळतो, फिट येते आणि जीवही गेलेले आहेत. एका फळानंसुद्धा. लोणचं, सरबत काहीच नको. तसंच किडनी साफ करतो म्हणून विकले जाणारे रस, आवळ्याचा गव्हांकुराचा नोनीचा, तेही नको.

उपवासाचं राहिलं. आपल्याकडं तुळजाभवानीचे नवरात्र कडक धरतात, नऊ दिवस रताळी बटाटा शेंगदाणे केळी खजूर आणि दूध, म्हणजे नेमकं जे जास्त तेवढंच ताटात. दरवर्षी नवरात्र झालं की पोटॅशियम वाढलेले पेशंट येतातच, आणि रमजानमध्ये इफ्तारला खजूर, खरबूज, फळांचा मोठा थाळा असतो तेव्हाही तेच. श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण पहिला आणि शेवटचा दिवस धरा, भगर आणि साबुदाणा घ्या, शेंगदाण्याचा कूट चमचाभर, फळात सफरचंद. क्रिएटिनिन ३.४ आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना नऊ दिवस उपवास मी तरी नको म्हणते, आणि रोजे धरायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

शुगर कमी झाली की काय द्यायचं हेही तुम्हाला लागणार आहे. किडनी बिघडली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात, त्यामुळं शुगर अचानक उतरते, घाम थरथर. तेव्हा घरचे घाबरून मोसंबीचा रस नाहीतर केळं देतात. त्याऐवजी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात. डबा उशाशी ठेवा.

हे जे सगळं सांगितलं ते डायलिसिसवर नसलेल्या माणसासाठी. डायलिसिस चालू असणाऱ्यांचं थोडं वेगळं, त्यांनी दोन डायलिसिसमधली मोठी सुट्टी असते त्या दिवसांत जास्त जपायचं आणि टरबुजासारख्या फळातलं पाणी दिवसाच्या पाण्यात धरायचं. पोटाचं डायलिसिस असेल तर पोटॅशियम उलट कमीही होतं आणि मी स्वतः केळी खायला सांगितलेले पेशंट आहेत. ट्रान्सप्लांट झालेल्यांनी पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळायचं, औषधाची रक्तातली पातळी बदलते.

तर ताई, तुम्ही आता असं करा. दोन-तीन दिवसात पोटॅशियमची टेस्ट पुन्हा, आणि त्याच वेळी गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडं. टेस्ट येईपर्यंत फळ थांबवा, नारळपाणी आणि सगळे रस कायमचे थांबवा. रिपोर्ट ५.५ च्या आत आला तर सफरचंदाच्या किंवा पेरच्या चार फोडींनी सुरुवात करा, जेवणानंतर लगेच नको, चारच्या सुमाराला, आणि दोन आठवड्यांनी परत टेस्ट. ५ च्या आत आलं की एक दिवसाआड अर्धी मोसंबी, सोलून, पिळून नाही. पुन्हा ५.५ किंवा वर आलं तर फळ तसंच थांबवून डॉक्टर सांगतील ते उपचार आधी. ६ किंवा वर आलं, किंवा हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटलं, छातीत धडधड, चक्कर असं काही झालं तर फोन करत बसू नका, रात्र असली तरी जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात लगेच न्या आणि रिपोर्ट सोबत ठेवा.

आणि सासऱ्यांना हे तुम्ही सांगू नका, त्यांना रिपोर्ट हातात देऊन आकडा दाखवा आणि अर्धी मोसंबी कोणत्या आकड्याला मिळणार ते त्यांच्यासमोर कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझे अंबडचे काका आता स्वतःच रिपोर्ट आला की आधी पोटॅशियम वाचतात, मागच्या वेळी ४.९ होतं. नवीन रिपोर्ट आला की गोळ्यांच्या नावांसकट इथंच लिहा, मी बघते.